अल्जीरिया : मुलखाच्या रेघा आणि माणसांची मोजदाद



'त्याला कोणी वाली नाही' असे आपण एखाद्या निराधार माणसाविषयी म्हणतो, तेव्हा आपण एक अरबी शब्द उच्चारीत आहो याची जाणीव आपणांस सहसा नसते. वाली म्हणजे कारभारी, सुभेदार, प्रांताचा मुख्य अधिकारी. मराठीत येता येता या शब्दाने अधिकाराचा डौल टाकून दिला आणि पाठीराखा, त्राता असा अर्थ धारण केला. 'विलायत' हा त्याच कुळातला दुसरा शब्द. वालीच्या अमलाखालचा मुलूख एवढाच त्याचा मूळ अर्थ; पुढे आपल्याकडे तो दूरच्या परमुलखाला लागू झाला आणि अखेरीस इंग्रजांच्या देशाला चिकटून बसला. उत्तर आफ्रिकेतील अल्जीरिया देशात मात्र हे दोन्ही शब्द आपापल्या जुन्या अर्थाने आजही नांदत आहेत. तेथे जिल्ह्याला 'विलाया' म्हणतात आणि त्याच्या मुख्याधिकाऱ्याला 'वाली'.

या देशाचे विभाग कोणी, कसे आणि कशासाठी पाडले, आणि तेथील माणसांची गणना कशी होत गेली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. वरकरणी तो रुक्ष वाटेल. जिल्हे, तालुके, शिरगणतीचे तक्ते यांत रस तो काय असणार, असे कोणी म्हणेल. परंतु राज्यकर्ता जेव्हा जमिनीवर रेघ ओढतो आणि माणसांची यादी करतो, तेव्हा कोणाला किती हक्क मिळावयाचे हेही तो त्याच हाताने लिहीत असतो. ही गोष्ट अल्जीरियाच्या इतिहासात जितकी उघड दिसते, तितकी फार थोड्या देशांच्या इतिहासात दिसत असेल.

प्रथम भूमी पाहू. अल्जीरियाचे क्षेत्रफळ सुमारे २३ लाख ८१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या भारताच्या दहा हिश्शांपैकी सात हिश्शांएवढे आहे. २०११ साली सुदानचे दोन देश झाल्यापासून आफ्रिका खंडातील सर्वांत विस्तीर्ण देश हाच होय. उत्तरेस भूमध्य समुद्र. त्याच्या काठाने डोंगर आणि सुपीक खोरी यांचा एक अरुंद पट्टा जातो, त्याला 'तेल' म्हणतात. पाऊस पडतो तो मुख्यतः येथेच; गहू, द्राक्षे, ऑलिव्ह पिकतात ती येथेच. या पट्ट्याच्या दक्षिणेस उंच माळराने आहेत, त्यांत खाऱ्या पाण्याची उथळ तळी पसरलेली आहेत आणि मेंढपाळांचे कळप चरतात. माळरानांच्या पलीकडे सहारा-अॅटलास पर्वताची रांग, आणि ती ओलांडली की सहारा. देशाचा चार पंचमांशांहून अधिक भाग या वाळवंटाने व्यापलेला आहे. आज अल्जीरियाची लोकसंख्या साडेचार कोटींच्या पुढे गेली आहे. परंतु दहा माणसांपैकी जवळजवळ नऊ माणसे उत्तरेकडच्या एक अष्टमांश भूमीवर राहतात. या देशावर ज्यांनी ज्यांनी राज्य केले, त्या सर्वांपुढे हा विषम वाटा वाढून ठेवलेला होता.

सोळाव्या शतकाच्या आरंभी अल्जिअर्स शहर तुर्की सुलतानाच्या छत्राखाली आले. नावाला सत्ता इस्तंबूलची. प्रत्यक्षात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 'दे' हा अल्जिअर्सचा अधिपती कारभार पाही. राजधानी आणि तिच्या भोवतालचा प्रदेश त्याच्या खास ताब्यात असे. उरलेल्या मुलखाचे तीन भाग केलेले होते. मेदेआ हे ठाणे असलेला तितेरी, पूर्वेचा कॉन्स्टन्टिन आणि पश्चिमेचा प्रांत, ज्याचे ठाणे अखेरीस ओरान येथे आले. प्रत्येकावर एक 'बे' असे. बे याने दर तीन वर्षांनी वसूल घेऊन स्वतः राजधानीत हजर व्हावे असा दंडक होता. प्रांताखालच्या विभागाला 'वतन' म्हणत आणि त्यावर 'कैद' नावाचा अंमलदार नेमीत. टोळ्यांचेही दोन वर्ग होते. सरकारची चाकरी करून करातून सवलत मिळविणाऱ्या त्या 'मख्झन' टोळ्या, आणि कर भरणाऱ्या त्या 'रया', म्हणजे आपली रयत. वतन, रयत हे शब्द ज्यांच्या कानांवरून पिढ्यान्‌पिढ्या गेले आहेत, त्या मराठी माणसाला ही रचना समजून घेण्यास फारसे सायास पडू नयेत.

या व्यवस्थेत माणसे मोजण्याची कोणालाही गरज वाटत नव्हती. एका बैलजोडीने नांगरता येईल तेवढी जमीन हे कराचे माप, त्याखेरीज गुरेमेंढ्या. कबिलियाचे डोंगर आणि ऑरेसचे पहाड यांत राहणारे बर्बर लोक तर पुष्कळ अंशी स्वतंत्रच होते. तेथे गावसभा आपला न्याय आपण करी आणि तुर्की अंमलदार डोंगराच्या पायथ्याशी थांबे. राज्याची कड नकाशावर ठरलेली नव्हती. वसूल जेथवर पोहोचेल तेथवर राज्य.

१८३० च्या जून महिन्यात फ्रेंच सैन्य सिदी फ्रेज येथे किनाऱ्यावर उतरले आणि ५ जुलै रोजी दे हुसेन याने अल्जिअर्स शहर त्यांच्या स्वाधीन केले. परंतु राजधानी पडली म्हणजे देश पडला असे झाले नाही. पश्चिमेत अब्द अल-कादिर या तरुण अमिराने १८३२ पासून पंधरा वर्षे फ्रेंचांशी झुंज दिली. त्याच्या पराक्रमाच्या कथा बहुश्रुत आहेत. त्याने उभारलेल्या कारभाराकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष दिले जाते. आपल्या मुलखाचे त्याने आठ विभाग पाडले. प्रत्येकावर एक खलिफा, त्याच्या हाताखाली आगा, आगाच्या हाताखाली कैद, अशी उतरंड बांधली. मख्झन आणि रया हा तुर्की काळचा भेद त्याने मोडला व सर्व टोळ्यांवर धर्माने सांगितलेला एकच कर बसविला. फ्रेंचांनी शहरे जिंकली तेव्हा तंबूंची फिरती राजधानी करून तो लढत राहिला. १८४३ साली ती छावणी लुटली गेली आणि १८४७ च्या डिसेंबरात त्याने शस्त्र खाली ठेवले. स्वदेशी माणसाने स्वदेशी कारभाराची घडी बसविण्याचा हा प्रयत्न असा अकाली मोडला.

आता आपण कथेच्या मर्माशी येतो. १८४८ साली पॅरिसमध्ये प्रजासत्ताकाची घटना झाली. त्या घटनेने अल्जीरिया ही फ्रान्सची भूमी असल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे अल्जिअर्स, ओरान व कॉन्स्टन्टिन असे तीन 'देपार्तमाँ' म्हणजे फ्रेंच पद्धतीचे जिल्हे स्थापन झाले. तीन बे गेले आणि तीन 'प्रेफे' आले. प्रेफे म्हणजे आपल्याकडील कलेक्टरासारखा, राजधानीने नेमलेला अधिकारी. यापुढे अल्जीरियाला वसाहत म्हणावयाचे नाही, तो मूळ फ्रान्सचाच समुद्रापलीकडचा भाग आहे, ही भूमिका फ्रेंच सरकारने शंभर वर्षे धरून ठेवली. गोव्याच्या श्रोत्यांना हा डाव अपरिचित नाही. १९५१ साली पोर्तुगालनेही आपल्या वसाहतींचे नाव बदलून त्यांना 'सागरापलीकडचे प्रांत' म्हटले होते. पाटी बदलली म्हणजे वस्तू बदलत नाही, हे दोन्हीकडे सारखेच अनुभवास आले.

कारण या तीन जिल्ह्यांच्या आत भूमीचे दोन प्रकार होते. जेथे युरोपीय वसाहतकार दाट होते तो मुलकी प्रदेश, आणि जेथे एतद्देशीय लोकच काय ते होते तो लष्करी प्रदेश. लष्करी प्रदेशात १८४४ पासून 'अरब कचेऱ्या' असत. तेथील फ्रेंच लष्करी अंमलदार अरबी शिके, कर वसूल करी, तंटे तोडी आणि टोळीप्रमुखांवर नजर ठेवी. जसजसे वसाहतकार आत सरकत गेले तसतशी मुलकी प्रदेशाची रेघही आत सरकत गेली. १८७० नंतर तर उत्तरेचा बहुतेक भाग मुलकी अमलाखाली आला. लष्करी अंमल गेला हे ऐकून कोणास वाटेल की प्रजेला मोकळीक मिळाली. प्रत्यक्षात मुलकी अंमल म्हणजे वसाहतकारांच्या मर्जीचा अंमल होता, आणि पुष्कळांना तो लष्करी अमलाहूनही जाचक वाटला.

या रेघेपेक्षाही खोल गेलेली दुसरी रेघ १८६३ सालची. त्या वर्षी २२ एप्रिलला तिसऱ्या नेपोलियनच्या कारकिर्दीत एक ठराव झाला. टोळ्या ज्या जमिनी परंपरेने वहिवाटीत आहेत त्या त्यांच्याच मालकीच्या होत, असे त्याने मान्य केले. हेतू संरक्षणाचा दिसतो आणि काही अंशी तो तसा होताही. परंतु त्याच ठरावाने तीन कामे करण्यास सांगितले : प्रत्येक टोळीची हद्द आखावी, टोळीचे 'दुआर' नावाच्या खेड्यांत तुकडे करावेत, आणि मग दुआराच्या आत व्यक्तीव्यक्तीची मालकी ठरवावी. दुआर हा मूळचा तंबूंच्या गोल वस्तीचा शब्द. आता तो दप्तरातला घटक झाला. टोळी हे रक्ताच्या नात्याने व सामाईक कुरणांनी बांधलेले एक मोठे घर होते. त्या घराच्या भिंती सर्वेक्षकांनी साखळीने मोजून पाडल्या. १८७३ साली वार्निए याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला आणि सामाईक जमिनीतील एकाचा हिस्सा विकत घेऊन सगळ्या जमिनीची वाटणी मागण्याची सोय झाली. वकील, दलाल व सावकार यांना याहून अधिक काय हवे होते?

जमिनीपाठोपाठ माणसांच्या नावांची पाळी आली. अरब व बर्बर समाजात माणूस अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू असा ओळखला जाई. २३ मार्च १८८२ च्या कायद्याने प्रत्येक कुटुंबाला एक कायमचे आडनाव घेणे सक्तीचे केले. नोंदणी करणारा अंमलदार कानाला जसे ऐकू येईल तसे फ्रेंच लिपीत लिही. सख्ख्या भावांची आडनावे भिन्न झाली, चुलत्यापुतण्यांचे नाते कागदावर तुटले. ज्यांना आडनाव मिळाले नाही त्यांच्या नावापुढे 'कुलनाम नाही' या अर्थाची तीन अक्षरे पडली. वारसाहक्काचे दावे चालविताना या नोंदींनी अनेक पिढ्यांचा अंत पाहिला.

शिरगणतीचेही तसेच. फ्रेंचांनी १८५६ पासून अल्जीरियात ठरावीक मुदतीने खानेसुमारी सुरू केली. आकडे पूर्ण विश्वासार्ह नव्हते. डोंगरात व वाळवंटात तर अदमासच चाले. तरीही एक आकडा डोळ्यांत भरतो. १८६१ च्या गणनेत एतद्देशीय मुसलमान सुमारे २७ लाख भरले. १८७२ च्या गणनेत ते सुमारे २१ लाख उरले. मधल्या अकरा वर्षांत टोळधाड आली, अवर्षण आले, पटकी व टायफसची साथ आली आणि १८६७-६८ चा भीषण दुष्काळ पडला. त्यावर १८७१ साली मोक्रानीच्या नेतृत्वाखाली कबिलियात मोठा उठाव झाला आणि तो निष्ठुरपणे चिरडला गेला. पूर्वी टोळीची सामाईक धान्याची पेवे दुष्काळात आधार देत. ती व्यवस्था मोडलेली होती, हे या मृत्यूंचे एक प्रमुख कारण होय. तक्त्यातील सहा लाखांची ही तूट म्हणजे एका समाजाचा आधार काढून घेतल्याची नोंद आहे.

तक्त्याला रकानेही होते. युरोपीय, यहुदी, मुसलमान. रकाना पाहून हक्क ठरत. १८६५ च्या ठरावाने एतद्देशीय मुसलमान हा फ्रेंच प्रजाजन आहे असे सांगितले. परंतु नागरिकत्व हवे असेल तर विवाह व वारसा यांविषयीचा आपला धार्मिक कायदा सोडून अर्ज करावा अशी अट घातली. असे अर्ज करणारे फार थोडे निघाले. १८७० साली क्रेमिए याच्या हुकुमाने अल्जीरियातील यहुद्यांना एकगठ्ठा नागरिकत्व मिळाले. १८८९ च्या कायद्याने स्पेन, इटली, माल्टा येथून आलेल्या वसाहतकारांची तेथे जन्मलेली मुले आपोआप फ्रेंच होऊ लागली. दूरच्या बंदरातून काल उतरलेल्या कोळ्याचा मुलगा मतदार, आणि ज्याच्या शंभर पिढ्या त्या मातीत गेल्या तो मात्र केवळ प्रजा! १८८१ पासून त्याच्यासाठी 'एतद्देशीयांची संहिता' नावाचा वेगळा दंडनियमही होता. परवान्यावाचून प्रवास केला, अंमलदाराचा अनादर केला, अशा बाबींसाठी नेहमीच्या न्यायालयावाचून शिक्षा होई.

मुलकी प्रदेशातील गावांचा कारभार पाहिला म्हणजे ही विषमता अधिक स्पष्ट होते. फ्रान्समध्ये सर्वांत लहान स्थानिक संस्था म्हणजे कम्यून. अल्जीरियात तिचे दोन प्रकार केले. जेथे युरोपीय वस्ती पुरेशी होती तेथे 'पूर्णाधिकारी कम्यून'. तिला निवडलेले मंडळ असे आणि नगराध्यक्ष असे. तिच्या हद्दीत आसपासचे दुआर जोडून घेतलेले असत, कारण त्या दुआरांचे कर तिच्या तिजोरीत पडत. मंडळात मात्र मुसलमान सभासद एक चतुर्थांशाहून अधिक असू नयेत असा नियम होता, आणि १८८४ पासून नगराध्यक्षाच्या निवडणुकीत त्यांना मतही नव्हते. १९१९ च्या सुधारणेने ही मर्यादा एक तृतीयांशावर नेली आणि ते मत परत दिले. दुसरा प्रकार 'मिश्र कम्यून'. तिचा विस्तार आपल्याकडील एखाद्या तालुक्याहूनही मोठा असे. वस्ती बव्हंशी एतद्देशीयांची. आणि कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती. त्याच्या हाताखाली दुआरावर कैद. हजारो माणसांमागे एक फ्रेंच प्रशासक, त्याचा घोडा, त्याचा दुभाषा आणि त्याची मोहर, एवढेच सरकार पुष्कळ अल्जीरियनांनी आयुष्यभरात पाहिले.

दक्षिणेची व्यवस्था आणखी निराळी. १९०२ च्या डिसेंबरात एक कायदा होऊन सहाराचा भाग तीन जिल्ह्यांपासून अलग केला गेला. पुढे त्याचे आइन सेफ्रा, घार्दाइया, तुग्गुर्त आणि मरूद्यान असे चार प्रदेश झाले आणि ते लष्करी अमलाखाली राहिले. म्हणजे एकाच देशात फ्रान्सचा जिल्हा, मिश्र कम्यून आणि लष्करी वाळवंट असे तीन देश नांदत होते. आणि तरीही पॅरिसच्या भाषेत हा सारा फ्रान्सच होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही विसंगती झाकणे कठीण झाले. २० सप्टेंबर १९४७ च्या कायद्याने अल्जीरियाला १२० सभासदांची विधानसभा दिली. साठ सभासद पहिल्या मतदारसंघाचे, साठ दुसऱ्याचे. पहिला संघ मुख्यत्वे युरोपीयांचा, दुसरा मुसलमानांचा. १९५४ च्या खानेसुमारीत युरोपीय दहा लाखांच्या किंचित आत होते आणि मुसलमान ८४ लाखांच्या घरात. एकास आठहून अधिक असे प्रमाण असता जागा समसमान! त्यातही १९४८ ची निवडणूक अधिकाऱ्यांनी इतक्या उघडपणे फिरविली की 'अल्जीरियन पद्धतीची निवडणूक' हा फ्रान्समध्ये लबाडीचा वाक्प्रचार होऊन बसला. मिश्र कम्यून रद्द करण्याचे वचन त्या कायद्यात होते. ते पुढे नऊ वर्षे कागदावरच राहिले.

१ नोव्हेंबर १९५४ रोजी स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले. राष्ट्रीय मुक्ती आघाडीने आरंभी देशाचे पाच विभाग कल्पिले होते. २० ऑगस्ट १९५६ रोजी सूमाम खोऱ्यात भरलेल्या गुप्त परिषदेत त्यांचे सहा झाले, आणि त्यांना नाव दिले 'विलाया'. पहिला ऑरेस, दुसरा उत्तर कॉन्स्टन्टिन, तिसरा कबिलिया, चौथा अल्जिअर्सचा परिसर, पाचवा ओरान, सहावा सहारा. विलायाखाली तीन पायऱ्यांचे लहान विभाग, प्रत्येकाचे लष्करी, राजकीय व माहितीचे काम पाहणारे प्रमुख, कर, टपाल, न्याय. दिवसा फ्रेंच जिल्हा आणि रात्री अल्जीरियन विलाया अशी स्थिती अनेक खेड्यांत झाली. ज्यांना नकाशावर स्थान नव्हते त्यांनी आपला नकाशा आपण काढला.

याला उत्तर म्हणून फ्रेंचांनीही रेघा वाढविल्या. १९५५ ते १९५८ या काळात तीनाचे अनेक जिल्हे झाले, मिश्र कम्यून मोडून शेकडो नव्या कम्यून निघाल्या, आणि डोंगराळ भागात विशेष प्रशासकीय तुकड्यांचे अंमलदार पाठविण्यात आले. ज्या खेड्याने शंभर वर्षांत सरकारी दवाखाना पाहिला नव्हता तेथे तो बंदूकधारी पहाऱ्यासह आला. परंतु याच सुमारास दुसरे एक काम चालू होते. बंडखोरांना अन्न व आसरा मिळू नये म्हणून डोंगरातील वाड्या ओस पाडून तेथील लोकांना तारेच्या कुंपणातील छावण्यांत आणून वसविले जात होते. १९६० पर्यंत अशा विस्थापितांची संख्या वीस लाखांच्या पुढे गेली. प्येर बूर्द्यू आणि अब्देलमालेक सयाद या दोन समाजशास्त्रज्ञांनी या छावण्यांचा प्रत्यक्ष अभ्यास केला आणि १९६४ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. शेतापासून तुटलेला शेतकरी छावणीत शेतकरी राहत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. युद्ध संपल्यावरही यांतील असंख्य कुटुंबे परत डोंगरावर गेली नाहीत. ती शहरांच्या कडेला येऊन राहिली. आज अल्जीरियाच्या नकाशावर दिसणाऱ्या कित्येक वस्त्यांचा उगम या कुंपणात आहे.

सहाराची रेघ तर युद्ध लांबण्याचे एक कारण ठरली. १९५६ साली हासी मेसाउद येथे तेल सापडले आणि १९५७ साली सहाराचे दोन स्वतंत्र जिल्हे झाले. १९६० च्या फेब्रुवारीत फ्रान्सने आपला पहिला अणुस्फोट याच वाळवंटात रेग्गान येथे केला. वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा उत्तर अल्जीरियाला स्वातंत्र्य देऊ, सहाराचा प्रश्न वेगळा, असे फ्रेंच म्हणू लागले. १९०२ ची प्रशासकीय रेघ त्यांना आता राष्ट्रसीमा करावयाची होती. अल्जीरियन प्रतिनिधींनी ते मान्य केले नाही. १९६१ च्या सप्टेंबरात द गॉल यांनी हा आग्रह सोडला, तेव्हाच तडजोडीची वाट मोकळी झाली. १८ मार्च १९६२ रोजी एव्हिआँ येथे करार झाला, १ जुलैला सार्वमत झाले, आणि ५ जुलै हा स्वातंत्र्यदिन ठरला; अल्जिअर्स पडले होते तोच दिवस, १३२ वर्षांनंतरचा.

स्वतंत्र अल्जीरियाने हातात घेतलेला देश अर्धा रिकामा झालेला होता. काही महिन्यांत बहुसंख्य युरोपीय निघून गेले. त्यांच्याबरोबर नगराध्यक्ष, कारकून, शिक्षक, डॉक्टर, यंत्रे चालविणारेही गेले. दीड हजारांहून अधिक कम्यून चालविण्यास माणसेच नव्हती, म्हणून १९६३ साली त्यांची संख्या ६७६ वर आणली गेली. पंधरा जिल्हे मात्र तसेच ठेवले. गावांची फ्रेंच नावे गेली : फिलिपव्हिल पुन्हा स्किकदा झाले, बोन अन्नाबा झाले, बूजी बेजाइया झाले. ऑर्लेआँव्हिलचे एल अस्नाम झाले आणि १९८० च्या भूकंपाने ते शहर उद्ध्वस्त झाल्यानंतर श्लेफ हे नदीचे नाव त्याला मिळाले.

१९६६ साली स्वतंत्र देशाची पहिली खानेसुमारी झाली. लोकसंख्या सुमारे १ कोटी २० लाख भरली. तक्त्यात आता देशाच्या माणसांसाठी एकच रकाना होता, अल्जीरियन. पुढच्या गणनांतील वाढ थक्क करणारी आहे : १९७७ मध्ये सुमारे १ कोटी ७० लाख, १९८७ मध्ये २ कोटी ३० लाख, १९९८ मध्ये २ कोटी ९१ लाख, २००८ मध्ये ३ कोटी ४० लाख. या वाढीबरोबर विभागही वाढत गेले. १९७४ साली विलाया ३१ झाले. अरबी वर्णानुक्रमाने त्यांना क्रमांक दिले गेले; अद्रार पहिला, अल्जिअर्स सोळावा, ओरान एकतिसावा. हे क्रमांक टपालाच्या पत्त्यावर व मोटारींच्या पाट्यांवर आले आणि लोकांच्या तोंडी बसले. १९८४ साली विलाया ४८ आणि कम्यून म्हणजे 'बलदिया' १,५४१ झाल्या. दोहोंच्या मध्ये 'दायरा' हा आपल्या तालुक्यासारखा टप्पा आहे.

तरीही दक्षिणेचा प्रश्न उरलाच. २००८ च्या गणनेत अल्जिअर्स विलायात बाराशे चौरस किलोमीटरांच्या आत जवळजवळ ३० लाख माणसे राहत होती. त्याच वेळी तामनरासेत विलायाचे क्षेत्रफळ साडेपाच लाख चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे संपूर्ण महाराष्ट्राच्या पावणेदोन पट होते आणि माणसे होती पावणेदोन लाखांच्या आसपास. इन सालाह हे मरूद्यानातील गाव याच विलायात होते. तेथील माणसाला जिल्ह्याच्या ठाण्याला जावयाचे तर सहाशे किलोमीटरांहून अधिक वाळवंट ओलांडावे लागे. २०१५ च्या आरंभी जमिनीखालील वायू काढण्याच्या योजनेविरुद्ध याच इन सालाहमध्ये लोक रस्त्यावर उतरले, कारण त्यांच्या पायाखालचे पाणी धोक्यात येईल असे त्यांना वाटत होते. आपल्या भूमीविषयीचे निर्णय फार दूर होतात, हे त्यांचे दुःख होते. २०१९ साली दहा नवे विलाया स्थापन झाले, दहाही दक्षिणेत, आणि त्यांत इन सालाह हा एक होता. एकूण संख्या ५८ झाली.

येथवर येऊन मागे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. फ्रेंच गेले, पण प्रेफेची खुर्ची राहिली. तिच्यावर आता वाली बसतो. त्याची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो. विलायाला व बलदियाला निवडलेल्या सभा आहेत. तथापि पैसा, पोलीस आणि अखेरचा शब्द पुष्कळ अंशी वालीकडे आहे. परकी सत्ता उलथून टाकणे कठीण खरेच, परंतु तिने बांधलेली कचेरीची चौकट बदलणे त्याहून चिवट काम असते. ती चौकट नव्या राज्यकर्त्याच्याही सोयीची असते. हा अनुभव एकट्या अल्जीरियाचा नाही.

असे असले तरी १८४८ ची आणि आजची स्थिती एक मानणे अन्यायाचे होईल. तेव्हा रेघ ओढली जाई ती माणसांना दूर ठेवण्यासाठी. आज नवा विलाया मिळावा म्हणून गावे स्वतः मागणी करतात, कारण ठाणे जवळ आले की शाळा, रुग्णालय व रस्ताही जवळ येईल अशी त्यांना आशा असते. सीमाभागात राहणाऱ्या, किंवा एका संस्थानातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या श्रोत्यांना ही आशा आणि तिच्यामागची चिंता दोन्ही समजतील. आपली गणना कोणत्या रकान्यात होते आणि आपली कचेरी किती कोसांवर आहे, यावर साध्या माणसाचे पुष्कळसे स्वातंत्र्य अवलंबून असते.

अल्जीरियन लोकांनी आपल्या जिल्ह्याला परक्यांचे नाव न ठेवता युद्धकाळातील विलाया हे नाव ठेवले आणि त्यावर वाली नेमला. तो वाली अरबीतल्या अर्थाने अधिकारी आहेच. इन सालाहसारख्या गावांची मागणी एवढीच आहे की त्याने मराठीतल्या अर्थानेही वाली व्हावे.